हस्तलिखित पोथी कशी पाहावी?

नित्यपाठाला आपण ज्ञानेश्वरी उघडतो, भजनाला गाथा उघडतो. ती छापील असते. पण मराठी ग्रंथ छापण्याची रीत आपल्याकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी शतकानुशतके हे वाङ्मय तगले कशावर? लोकांच्या कंठावर आणि बोरूने लिहिलेल्या कागदावर. कंठ ज्याच्या त्याच्याबरोबर गेला. कागद मात्र काही ठिकाणी शिल्लक आहे. तो कोठे असतो आणि तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसाने तो कसा पाहावा, एवढेच या पाठात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल, "आम्हांला नामाशी काम. ही पंडितांची उठाठेव कशाला हवी?" त्याचे उत्तर नाथमहाराजांनी देऊन ठेवले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. पुढे नकलांवर नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. तेव्हा शके १५०६ मध्ये नाथांनी ग्रंथ ताडून शुद्ध केला आणि त्यात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. म्हणजे पाठ शुद्ध ठेवणे ही परकी विद्या नव्हे. ती आपल्या घरचीच सेवा आहे.

दुसरे उदाहरण तुकोबांच्या गाथेचे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन भागांत निघाली. तिला त्या वेळच्या मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य दिले. पुढे १९५० साली सरकारने पु. मं. लाड यांच्या देखरेखीखाली ती पुन्हा छापली. पण या पंडितांपुढे मुळात होते काय? देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथल्या जुन्या वह्या! ज्या घरांनी त्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या, त्यांचे उपकार आज प्रत्येक टाळकऱ्यावर आहेत.

आता जायचे कोठे? पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (स्थापना १९१७) येथे मोठे संग्रह आहेत. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. दूर तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत. विद्यापीठेही मागे नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या संग्रहातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी १९४४ साली प्रसिद्ध केली. घरून निघण्याआधी अशी सूची पाहावी. तिच्यात पोथीचा क्रमांक, ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, पोथी पुरी की अपुरी आणि शक सापडल्यास शक, एवढे बहुधा मिळते. आपला क्रमांक टिपून घ्यावा. अर्धे काम घरीच झाले म्हणून समजा.

मग संस्थेला पत्र लिहावे. आपण कोण, काय पाहायचे, कशासाठी पाहायचे, हे चार ओळींत मांडावे. ओळखपत्र जवळ ठेवावे. एखाद्या अध्यापकाची किंवा गावच्या वाचनालयाची चिठ्ठी असली तर बरे. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात, ते आधी विचारावेत. हस्तलिखित घरी नेता येत नाही. कपाटाशीही आपण जायचे नसते. चिठ्ठी भरून द्यायची, सेवक पोथी आणून देतो, तिथेच बसून पाहायची. फोटो हवा असेल तर परवानगी घ्यावी. पोथीची छायाप्रत तयार असेल तर आधी तीच पाहावी. मूळ कागदाला तेवढा आराम.

येथे भाविकाची खरी परीक्षा होते. पोथी समोर आली की कुंकू वाहावे, बुक्का लावावा, फूल ठेवावे, असे वाटणारच. ते करू नये. नमस्कार मनातून करावा. हात धुऊन कोरडे करावेत, कपाळीचे गंध बोटांना लागू देऊ नये, थुंकी लावून पान उलटू नये. शाईचे पेन बाहेर ठेवावे, शिसपेन्सिलीने टिपणे घ्यावीत. सुट्या पानांचा क्रम मोडू नये. हे नियम साहेबी वाटतात काय? अहो, जुने लेखक पोथीच्या अखेरीस हेच लिहून ठेवीत, की मला पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, बांधणी सैल ठेवू नका!

वाचताना आधी शेवट पाहावा. तेथे पुष्पिका असते. लेखकाचे नाव, गाव, शक, तिथी तीत मिळते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०, शके १५०६ म्हणजे १५८४. शकाच्या अखेरचे तीनेक महिने मात्र ७९ मिळवावे लागतात. पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूस असतो. कोठे पिवळा लेप दिसला तर तो हरताळ. चुकलेले अक्षर त्याने पुसत, त्यावरूनच 'हरताळ फासणे' हा शब्द आला. पाठभेद टिपताना संस्था, पोथीचा क्रमांक, पान आणि बाजू चौघेही लिहावेत. एक जरी राहिले तरी पुढच्या माणसाला ती ओळ सापडत नाही.

एक सावधगिरी सांगतो. जुनी पोथी म्हणजे खरीच पोथी, असे नव्हे. जुना नकलकारही चुकतो, आणि अलीकडची नकल एखाद्या चांगल्या प्रतीवरून उतरलेली असू शकते. शिवाय एकाच पोथीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत; साक्षीदार एकच. एका बाडात अभंग निराळा मिळाला म्हणून लगेच कीर्तनात "हाच खरा पाठ" असे ठोकून देऊ नये. "अमुक पोथीत असा पाठ आहे" इतकेच सांगावे. नाममुद्रा तुकोबांची असली तरी अभंग तुकोबांचाच असतो, असेही नाही. हे म्हणण्याने भक्ती उणी होत नाही. संतांच्या तोंडी परके बोल घालण्याचे पाप मात्र टळते.

शेवटी घरची गोष्ट. अजून कित्येक घरांत माळ्यावर, देव्हाऱ्याखाली जुनी बाडे बासनात बांधलेली आहेत. वडील गेले, मोडी वाचणारे कोणी उरले नाही, आणि वाळवीने खाल्ले म्हणून ती इंद्रायणीत, गोदावरीत सोडली जातात. भाव चांगला, पण त्याबरोबर एखादा असा पाठ बुडतो जो दुसरीकडे कोठेच नसेल. बाड सोडण्याआधी ते जाणत्याला दाखवा, फोटो काढून ठेवा, सांभाळणे जमत नसेल तर संग्रहाला द्या आणि पावती घ्या. पूर्वजांचे नाव तेथे क्रमांकासह टिकेल. या वारीहून परतल्यावर एक दिवस माळ्यावर चढा, एवढीच विनंती. रामकृष्णहरि!