प्रयोगशाळेंतील उंदरांच्या जंतांची परीक्षा

मनुष्यांस व जनावरांस देण्यापूर्वीं पुष्कळशीं औषधें व लसी प्रयोगशाळेंतील उंदरांवर अजमावून पाहतात. ज्या उंदरांवर हा निर्णय अवलंबून, ते स्वतः निरोगी आहेत कीं नाहींत हें कसें ओळखावें, याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. गोठ्यांतील शेणाची तपासणी करविणाऱ्या शेतकरी बंधूंसही तो उपयोगी पडेल.

ह्या उंदरांच्या आंतड्यांत सुतासारखे बारीक असे दोन जातींचे जंत विशेषेंकरून आढळतात. एकाचें नांव सिफॅशिया ऑब्व्हेलाटा, दुसऱ्याचें अ‍ॅस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेरा. जंत झालेला उंदीर बहुधा नेहमींप्रमाणें खातो व हिंडतो. परंतु त्याची रोगप्रतिकारक शक्ति निराळ्या रीतीनें वागूं लागते. मग दिसून आलेला परिणाम लशीचा कीं जंतांचा, हें कळेनासें होतें व प्रयोगाचा निष्कर्ष फसवा ठरतो.

दोन्ही जंतांच्या संवयी भिन्न आहेत. पहिल्याची मादी गुदद्वाराभोंवतालच्या कातडीवर अंडीं घालते. म्हणून तेथें पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतात. दुसऱ्याचीं अंडीं लेंड्यांबरोबर पडतात. लेंड्या मिठाच्या संपृक्त पाण्यांत कालविल्या म्हणजे तीं वर तरंगतात. एकाची रीत दुसऱ्यास लावली, तर जंत असूनही दृष्टीस पडत नाहींत. शिवाय अंडें पोटांत गेल्यापासून नवीं अंडीं बाहेर पडेपर्यंत पहिल्यास सुमारें ११ ते १५ दिवस व दुसऱ्यास सुमारें २३ दिवस लागतात. तोंपर्यंत अंडीं शोधणें व्यर्थ होय.

ही अडचण बरीच कमी करणारी रीत म्हणजे पी.सी.आर. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांनीं ती १९८३ सालीं योजिली. त्याबद्दल त्यांस १९९३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याच्या जातीची ओळख पटविणारें डी.एन.ए. नांवाचें द्रव्य असतें. लेंडींतून तें काढून त्यांत, इष्ट जंताच्याच डी.एन.ए.स चिकटतील असे लहान तुकडे घालतात व मिश्रण आळीपाळीनें तापवितात आणि निववितात. सुमारें ९५ सेंटिग्रेड अंशांस दुहेरी धागा उकलतो. निवतांना तुकडे आपापल्या जागीं बसतात. ७२ अंशांस, उष्णता सोसणारें एक एन्झाइम नवा धागा विणतें. दर फेरीस एकाचे दोन, याप्रमाणें ३० फेऱ्यांत हिशेबानें एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. म्हणून अत्यल्प अंशही उघडकीस येतो.

ह्या रीतीसही मर्यादा आहेत. औषधानें मेलेल्या जंताचें डी.एन.ए.ही सांपडूं शकतें. लेंडींतील कांहीं द्रव्यें क्रिया अडवितात. आणि एका नमुन्याचा अंश दुसऱ्यांत मिसळला, तर निरोगी उंदीर रोगी ठरतो. यास्तव जंत असल्याची खात्री असलेला एक व नसल्याची खात्री असलेला एक, असे दोन नमुने सोबत चालवितात.

गुरांच्या बाबतींतही हाच न्याय लागू आहे. यकृतांतील चपट्या जंतांचीं अंडीं जड असल्यामुळें मिठाच्या पाण्यावर सहसा तरंगत नाहींत. तीं तळाशीं बसवून पाहावीं लागतात. शिवाय तीं शेणांत दिसूं लागण्यापूर्वींच कोंवळे जंत यकृत पोखरीत असतात. तेव्हां दवाखान्यांत शेण ताजें न्यावें, व "जंत नाहींत" असें उत्तर मिळाल्यास कोणता जंत, कोणत्या रीतीनें पाहिला, हें अवश्य विचारावें. जनावर खंगतच असेल, तर तपासणी पुनः करवावी.