घरासाठी सौर पॅनेलची निवड

सौर पॅनेल घेण्यास निघालेला गृहस्थ बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा, आणि दुसरा, कोणत्या कारखान्याचे पॅनेल चांगले, हा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांची वेळ मागाहून येते. पंखा किंवा दिवा नापसंत पडला तर तो बदलता येतो. गच्चीत रोवलेला सांगाडा आणि त्यावर बसविलेली पॅनेले यांच्या बाबतीत तसे सहसा होत नाही. ती वीस-पंचवीस वर्षे त्याच जागी राहावयाची असतात, आणि पुष्कळ कुटुंबांची त्यांत मोठी शिल्लक गुंतलेली असते. म्हणून आधी आपल्या घराची परीक्षा करावी आणि मग पॅनेलची, हा क्रम सोडू नये. प्रस्तुत पुस्तिकेत तोच क्रम पाळला आहे. त्यास लागणारे गणित शाळेतील विद्यार्थ्यासही सहज करता येईल असे आहे.

सौर घटाची ओळख

प्रकाश पडल्याने काही पदार्थांत विद्युत् प्रवाह उत्पन्न होतो, ही गोष्ट एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पाहिली. परंतु व्यवहारात उपयोगी पडेल असा सौर घट तयार होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा घट बनविला. त्यावर पडलेल्या प्रकाशातील सुमारे ६ टक्के ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करीत असे. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, ‘व्हॅनगार्ड-१’ या कृत्रिम उपग्रहावर असे घट बसवून अवकाशात पाठविण्यात आले.

आज घरांवर दिसणारी पॅनेलेही बहुतेक सिलिकॉनचीच असतात. काचेच्या आवरणाखाली अनेक घट एकसर जोडणीने जोडलेले असतात. घट जर एकसंध स्फटिकापासून कापलेले असतील तर त्या पॅनेलास एकस्फटिकी म्हणतात. अनेक लहान स्फटिकांच्या वडीपासून कापलेले असतील तर बहुस्फटिकी म्हणतात. बहुस्फटिकी पॅनेलाची कार्यक्षमता साधारणतः १६ ते १७ टक्के, तर एकस्फटिकी पॅनेलाची १९ ते २२ टक्के असते. बाजारातून पहिला प्रकार आता बव्हंशी मागे पडला आहे.

कोणी विक्रेता चाळीस टक्के कार्यक्षमतेची ग्वाही देऊ लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. शॉकली आणि क्वीसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एकाच अर्धवाहकाच्या साध्या घटाची कार्यक्षमता सुमारे एक-तृतीयांशापलीकडे जाऊ शकत नाही.

पहिली पायरी : विजेचे बिल

वॅट आणि युनिट यांत गल्लत होऊ देऊ नये. वॅट हे शक्तीचे माप आहे. युनिट हे ऊर्जेचे. एक किलोवॅट, म्हणजे १,००० वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. पॅनेल वॅटच्या मापाने विकले जाते, परंतु आपणांस हवी असतात ती युनिटे.

भारताच्या बहुतेक भागांत एक किलोवॅट क्षमतेची पॅनेले वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे चार युनिट वीज देतात. उन्हाळ्यात हा आकडा वाढतो, पावसाळ्यात लक्षणीय घटतो. म्हणून एका महिन्याच्या बिलावरून हिशेब न करता बाराही महिन्यांची बिले समोर ठेवावीत.

उदाहरणार्थ, एखाद्या कुटुंबाचा वर्षभराचा खर्च २,८८० युनिट आहे असे समजू. म्हणजे महिन्यास २४० आणि दिवसास सुमारे ८ युनिट. आठास चाराने भागले की दोन किलोवॅट हे उत्तर मिळते. या कुटुंबाने पाच किलोवॅटची पॅनेले घेणे व्यर्थ होय.

येथेच एक काटकसरीचा विचार सुचतो. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या पद्धतीच्या मोटरीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दहा तासांत पहिला पाऊण युनिट खर्च करतो, दुसरा सुमारे तीन-दशांश युनिट. घरात असे चार पंखे असतील, तर ते बदलल्याने दिवसास पावणेदोन युनिटांहून अधिक बचत होते. तेवढी वीज निर्माण करण्यास जवळजवळ अर्ध्या किलोवॅटची पॅनेले लागली असती. खर्च कमी करून मग पॅनेले मोजणे, हे शहाणपणाचे.

दुसरी पायरी : जागा आणि सावली

५४० वॅटचे एक प्रचलित पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ २.६ चौरस मीटरांच्या आसपास भरते. आपल्या उदाहरणातील कुटुंबास अशी चार पॅनेले पुरतील. त्यांचे स्वतःचे क्षेत्रफळ दहा-साडेदहा चौरस मीटरच होईल. तथापि दोन ओळींतील अंतर, धुण्यास व दुरुस्तीस लागणारी वाट यांचा विचार करून दर किलोवॅटास सुमारे दहा चौरस मीटर जागा धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे येथे वीस चौरस मीटर जागा हवी. आणि ती सावलीविरहित हवी.

सावलीवर एवढा भर देण्याचे कारण घटांच्या एकसर जोडणीत आहे. एकाच नळातून पाणी वाहत असताना तो एका ठिकाणी दाबला की सर्व नळातील प्रवाह मंदावतो. एका घटावर सावली पडली की त्याच्याशी जोडलेल्या साऱ्या घटांचे तसेच होते. शिवाय झाकलेला घट तापून बिघडण्याचा संभव असतो. हा धोका टाळण्यासाठी पॅनेलात बहुधा तीन डायोड बसविलेले असतात. ते प्रवाहास पर्यायी मार्ग देतात. परंतु त्या वेळी पॅनेलाचा सुमारे तिसरा हिस्सा निरुपयोगी होतो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचे नारळाचे झाड, यांच्या सावल्या म्हणूनच आधी पाहाव्या लागतात.

वर्षातील सर्वांत लांब सावल्या २२ डिसेंबरच्या सुमारास पडतात. नागपूर येथे त्या दिवशी मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणून सावलीची लांबी वस्तूच्या उंचीइतकीच भरते. सकाळी नऊच्या सुमारास ती उंचीच्या जवळजवळ दुप्पट असते. दीड मीटर उंच टाकीची सावली त्या वेळी तीन मीटरांपर्यंत पोहोचेल. तेवढे अंतर सोडून पॅनेले मांडावीत. शेजारचा मोकळा भूखंड दिसला तर तेथे पुढे इमारत उठेल काय, हेही विचारून घ्यावे.

दिशा, कल आणि बाल्कनी

आपल्या देशात पॅनेलाचे तोंड दक्षिणेस असावे आणि त्याचा कल स्थानिक अक्षांशाच्या जवळपास ठेवावा, हा ढोबळ नियम आहे. चेन्नईचा अक्षांश सुमारे १३ अंश, मुंबईचा १९, दिल्लीचा २८.५ आणि श्रीनगरचा ३४ अंश आहे. त्यावरून कल किती बदलतो याची कल्पना येईल. कलात पाच-सात अंशांचा फरक पडल्याने उत्पादनात फारसा फरक पडत नाही. सावलीने मात्र पडतो.

ज्यांच्यापाशी स्वतःची गच्ची नाही त्यांच्या मनात बाल्कनीचा कठडा येतो. जर्मनीत अशी पुष्कळ पॅनेले कठड्यांवर दिसतात, आणि ८०० वॅटपर्यंतच्या जोडणीची रीत तेथे २०२४ मध्ये अधिक सुलभ करण्यात आली. परंतु तेथील सूर्य आणि आपला सूर्य यांत भेद आहे. बर्लिनला २१ जून रोजीदेखील मध्यान्हीचा सूर्य सुमारे ६१ अंशांवरच असतो. म्हणून उभ्या पॅनेलावर त्याचे किरण बऱ्यापैकी पडतात. दिल्लीत त्या दिवशी तो ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या लावलेल्या पॅनेलास मध्यान्ही थेट प्रकाशाचा एक-दशांशही वाटा मिळत नाही. चेन्नईत तर त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडील कठड्यास तो दिसतच नाही. डिसेंबरात दिल्लीच्या कठड्यावर त्या वेळी चार-पंचमांश वाटा पडेल, हे खरे. परंतु वर्षाचा हिशेब गच्चीच्याच बाजूने लागतो. बाल्कनीत लावावयाचेच झाल्यास पॅनेल बाहेरच्या बाजूस कललेले असावे, वरच्या मजल्याच्या छज्जाची सावली पडत नाही हे पाहावे, आणि ते खाली कोसळणार नाही इतके पक्के बांधावे. ते घरातील खटक्यास परस्पर जोडू नये. वीज कंपनीच्या अनुमतीवाचून तसे करणे धोक्याचे आहे.

बागेतील दिव्याचा हिशेब लहान, पण तसाच आहे. दहा वॅटचा दिवा रात्री पाच तास जळला तर ५० वॅट-तास ऊर्जा लागते. चाराने भागता १२.५ वॅट हे उत्तर येते. बॅटरीत होणारी घट आणि ढगाळ दिवस ध्यानात घेता २० ते २५ वॅटचे पॅनेल घ्यावे. दिवा झाडाखाली असला तरी पॅनेल झाडाखाली नसावे.

तिसरी पायरी : पॅनेलावरील चिठ्ठी

पॅनेलाच्या पाठीवर एक चिठ्ठी असते. तिच्यावरील वॅटचा आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीचा असतो : दर चौरस मीटरास १,००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. आपल्या गच्चीवर वैशाखात घटाचे तापमान सहज ६० अंशांवर जाते. सिलिकॉनचे घट तापले की त्यांची शक्ती घटते. दर अंशास सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. हे प्रमाण ०.३५ धरल्यास ३५ अंशांच्या वाढीने १२ टक्क्यांहून थोडी अधिक घट होते, आणि ५४० वॅटचे पॅनेल सुमारे ४७४ वॅट देते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. माहितीपत्रकातील तापमानाचा हा गुणक जितका लहान, तितके पॅनेल उष्ण प्रदेशास अधिक योग्य. आणि पॅनेलाखालून वारा खेळता राहील अशी मोकळी जागा सोडली पाहिजे.

दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी द्विमुखी पॅनेलेही आता मिळतात. चुन्याने पांढऱ्या केलेल्या गच्चीवर ती उंच बसविली तर परावर्तित प्रकाशाचा लाभ होतो. पत्र्यास चिकटून बसविल्यास पाठीची बाजू वायाच जाते.

पॅनेलावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे काय ते पाहावे. सिलिकॉन पॅनेलांसाठी आयएस १४२८६ हे आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस/आयईसी ६१७३० हे मानक आहे. हमीपत्र वाचताना दोन हमींत फरक करावा. पंचवीस वर्षांनी पॅनेल मूळ शक्तीच्या ८० टक्क्यांहून अधिक शक्ती देईल, ही उत्पादनाची हमी. पॅनेलातील दोष दुरुस्त करण्याची हमी वेगळी असते आणि तिची मुदत बहुधा कमी असते. इन्व्हर्टरची हमी त्याहूनही कमी मुदतीची असते, ही गोष्ट विसरू नये.

इन्व्हर्टर आणि सांगाडा

पॅनेलातून एकदिश प्रवाह मिळतो. घरातील उपकरणांस प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. तो वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडलेला असल्यास दिवसा उरलेली वीज जाळ्यात जाते, रात्री ती परत घेता येते आणि नेट मीटर दोहोंचा हिशेब ठेवतो. येथे अनेकांची निराशा होते ती अशी की, बाहेरची वीज गेली की घरातील सौर वीजही बंद पडते. हा दोष नसून योजना आहे : तारांवर काम करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपण होऊन थांबतो. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीसह चालणारा संमिश्र इन्व्हर्टर घ्यावा. त्याचा खर्च अर्थातच अधिक येतो.

पॅनेल हे वाऱ्याच्या दृष्टीने शिडासारखे असते. बांधकामाच्या भारतीय मानकात वाऱ्याच्या मूळ वेगाचा आकडा पुण्यास सेकंदास ३९ मीटर, दिल्लीस ४७ आणि चेन्नई व कोलकात्यास ५० मीटर धरला आहे. किनाऱ्यावरील सांगाडा त्या मानाने मजबूत आणि गंज न चढणारा हवा. पन्नास रुपये वाचविण्यासाठी हलका नट-बोल्ट वापरणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणे होय.

खर्चाचा हिशेब

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती संचास अनुदान ठरविण्यात आले : पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटास ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटास १८,००० रुपये, एकूण कमाल ७८,००० रुपये. त्यासाठी घट आणि पॅनेल दोन्ही भारतात बनविलेली असावी लागतात. खरेदीपूर्वी त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत.

आता समजा, आपल्या कुटुंबास दोन किलोवॅटचा संच १,३०,००० रुपयांस मिळाला आणि ६०,००० रुपये अनुदान लाभले. पदरचा खर्च ७०,००० रुपये. एका युनिटास सरासरी ६ रुपये धरल्यास २४० युनिटांची मासिक बचत १,४४० रुपये होते. म्हणजे सुमारे चार वर्षांत पैसे फिटतात. स्थिर आकार मात्र बिलात राहतोच. आपल्या घराचे आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. विक्रेत्याचे उत्तर आपल्या उत्तराशी जुळत नसेल तर कारण विचारावे.

पॅनेले बसल्यानंतर त्यांवरील धूळ मऊ कापडाने व स्वच्छ पाण्याने पुसावी. तीही सकाळी, काच तापलेली नसताना.

करून पाहा

शाळेच्या गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी. दर महिन्याच्या २२ तारखेस सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि लांबी वहीत नोंदवावी. वर्ष पुरे झाले की खुणा जोडून नकाशा काढावा. आपल्या गावात पॅनेल कोठे लावावे व कोठे लावू नये, हे त्या नकाशावरून कोणासही दाखविता येईल.