गोणपाटावरचे मोड

मे महिना लागला की आमच्या अहमदपूर तालुक्यात घरोघरी एकच उद्योग चालतो. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि चार-पाच दिवसांनी उघडून मोड मोजायचे. सत्तर उगवले तर घरचं बियाणं चालतं. त्याखाली आले तर एकरी बी वाढवायचं, नाहीतर बॅग विकत आणायची. 2024 च्या मे महिन्यात माझे 82 उगवले. पांढरे, जाड, रसरशीत मोड. ते बघूनच मला भलती बुद्धी सुचली. त्याच पोत्यातलं अर्धा किलो सोयाबीन भिजत घातलं, फडक्यात बांधलं आणि मोड आल्यावर मटकीसारखा कांदा, मीठ, लिंबू घालून वाडगाभर कच्चंच खाल्लं. चव हिरवट होती, थोडी कडवट. पौष्टिक वस्तू अशीच लागायची, असं म्हणून संपवलं.

रात्री पोट नगाऱ्यासारखं झालं. मळमळ, कळा, पहाटेपर्यंत चार-पाच वेळा जाणं. आई ओसरीवर झोपली होती. ती उठून बसली आणि म्हणाली, "आरं, जनावराला बी पचंना ते, अन् तू खायलास व्हय?"

तिचं खरं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी रात्री दावं तोडून आमची म्हैस खळ्यावरच्या सोयाबीनच्या ढिगात शिरली होती. सकाळी तिची कूस ढोलासारखी फुगलेली, डॉक्टर येईपर्यंत आम्ही तिला धरून उभे. एवढं डोळ्यांनी पाहूनही मी तेच केलं.

मुळात हा नाद लागला तो बायकोच्या रिपोर्टमुळे. तिला कायम थकवा, केस गळायचे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी जेवणाची चौकशी केली. आमचं घर माळकरी, अंडं-मटण नाही. भाकरी, पातळ वरण, चटणी. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं फार कमी पडतात. शरीराच्या दर किलो वजनाला रोज साधारण 0.8 ग्रॅम तरी प्रथिन हवं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळपास 50 ग्रॅम. मग त्यांनी विचारलं, "शेतात काय पेरता?" मी म्हणालो, सोयाबीन. ते नुसतेच हसले.

पंचवीस वर्षं मी सोयाबीन पेरतोय. मूग, उडीद, पिवळी ज्वारी मागे पडली आणि सगळं रान सोयाबीनखाली गेलं. एवढ्या वर्षांत त्यातला एक दाणा आमच्या चुलीवर शिजला नव्हता. खळ्यावरून थेट मोंढ्यात, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल आपण विकत आणतो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,600 रुपये आणि मोंढ्यातला भाव त्याच्याही खाली, म्हणून काही पोती भाव वाढायची वाट बघत घरातच पडली होती. किलोला 46 रुपये धरले तरी 100 ग्रॅममागे 36 ते 40 ग्रॅम प्रथिन. तूरडाळीत 22 च्या आसपास, आणि ती याच्याहून कितीतरी महाग. हिशेब इतका सरळ होता की मी घाई केली.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. सोयाबीनला मी हरभऱ्या-मटकीच्या पंगतीला बसवलं. हरभरा कसा खायचा हे आपल्याला आजीपणजीपासून ठाऊक आहे. सोयाबीनबद्दल घरात कुणी काही सांगितलेलं नाही, कारण ते आपल्या चुलीचं पीकच नव्हतं. चीन-जपानमधली माणसं शेकडो वर्षं हे खातात, पण उकडून, आंबवून, दूध काढून, त्याचं टोफू करून. कच्च्या दाण्यात प्रथिन पचवणाऱ्या पाचकरसाला अडवणारा एक घटक असतो, ट्रिप्सिन इनहिबिटर. प्रथिन भरपूर, पण पोटाला ते फोडता येत नाही. मोड आणल्याने तो थोडा कमी होतो, जात मात्र नाही. त्याला चांगली आच लागते. शिवाय यात काही शर्करा अशा असतात की त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, पुढे जाऊन जंतू त्यांचा वायू करतात. म्हणून तो नगारा.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. पण मी दुसरा घोटाळा केला. मोड नको, पीठ करू, असं ठरवून ज्वारीत कच्चं सोयाबीन मिसळून गिरणीवर नेलं. गिरणीवाला आधीच कुरकुरला. सोयाबीन जास्त पडलं की तेलाने दगड माखतो. पिठाला कुबट वास, भाकरी थापताना चिरा जायच्या. तव्यावर भाकरी दोन-तीन मिनिटं असते, तेवढ्या आचेत ते आतून नीट शिजतही नाही. आठवडाभर घरात सगळ्यांची पोटं जड. शेवटी ते पीठ म्हशीपुढेही टाकायचं धाडस झालं नाही.

आता आमच्याकडे जमलेली रीत सांगतो. पीठ करायचं असेल तर पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणा आणि निवडलेलं सोयाबीन त्या उकळत्या पाण्यातच टाका. थंड पाण्यात भिजवून वाटलं की तो हिरवट वास येतोच. उकळत्या पाण्यात तो जागीच मरतो. पंचवीस मिनिटं उकळा, पाणी फेका, हाताने चोळून सालं काढा आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवा. नंतर मंद आचेवर खमंग भाजा. दहा किलो गहू किंवा ज्वारीला एक किलो, याहून जास्त नको. या प्रमाणात धान्याबरोबर दळलं की गिरणीवाल्याचीही तक्रार राहत नाही. दिवसाला 300 ग्रॅम पीठ पोटात गेलं तर त्यातून सोयाबीनचं सुमारे दहा ग्रॅम प्रथिन मिळतं. ज्वारीत लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी असतो, सोयाबीनमध्ये भरपूर, त्यामुळे जोडी जमते. पीठ महिन्याभराचंच करा. दाण्यात पाचवा हिस्सा तेल असतं, पीठ खवट होतं. आमच्याकडे धपाट्यात ते सगळ्यात चांगलं लागतं. लसूण आणि तीळ असले की सोयाबीन आहे हे सांगावं लागतं.

उसळ करायची तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, सालं काढा, नव्या पाण्यात कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद आच. दाणा बोटाने चेपला की त्याचं पीठ झालं पाहिजे. बाजारातल्या सोयाबीनच्या वड्या तेल काढलेल्या पिठाच्या असतात आणि कारखान्यात तापवलेल्या असतात, त्यांची ही भानगड नाही. गरम पाण्यात भिजवून, पिळून घ्या.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. पेरणीतून उरलेल्या बॅगेतलं सोयाबीन कधीही, कितीही धुऊन खाऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंग त्यासाठीच असतो. मी खाल्लं ते घरचं, प्रक्रिया न केलेलं होतं, हे माझं नशीब. ते पोतं आणि बियाण्याची बॅग आमच्या एकाच खोलीत, शेजारी शेजारी होती.

तिसरा घोटाळा आईच्या बाबतीत झाला. तिला थायरॉईडची गोळी आहे, पहाटे अनशापोटी. आम्ही उत्साहाने त्याच वेळी तिला सोयाबीनचं दूध द्यायला लागलो. दोन-तीन महिन्यांत ती सुस्त, पाय सुजलेले, थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय सुरू केलं? सोयाबीनमुळे ती गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. सोयाबीन बंद करायची गरज नव्हती, गोळीची मात्राही वाढवावी लागली नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवलं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, आकडा खाली आला. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांनी सोयाबीन सुरू करताना डॉक्टरांच्या कानावर घालावं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरचं सोयाबीनचं दूध देण्याचा विचारही नको.

फायदे सांगताना लोक आभाळाला हात लावतात, तसं मी करणार नाही. सोयाबीनने वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, पण शेकड्याला तीन-चार, आणि तेही रोज 25 ग्रॅम सोयाप्रथिन खाल्लं तर. लोह कागदावर भरपूर आहे, पण फायटेट नावाच्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं, म्हणून उसळीवर लिंबू पिळायचं. बी-12 यात अजिबात नाही, माळकऱ्यांनी दही-ताक सोडू नये. बायकोचं हिमोग्लोबिन वाढलं त्यात लोहाच्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे, सोयाबीनचं श्रेय मी ओढून आणत नाही. थकवा मात्र कमी झाला. पारावर काही जण म्हणतात, सोयाबीनने पुरुषांत बायकीपणा येतो. माणसांवर झालेल्या अभ्यासांत पुरुषी संप्रेरक घटलेलं दिसलं नाही. आणि सोयाबीन खायचा विचार आपल्याकडे नवाही नाही. गांधीजींनी 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले होते. ते आपल्याला तेव्हाच शिकवायला निघाले होते, आपण शिकलो ते फक्त विकायला.

यंदा गोणपाटावर 76 उगवले. मोजायला नातू बसला होता. मोजून झाल्यावर त्याने मोड वाटीत भरले आणि मीठ आणायला आत पळाला. आई ओसरीवरून ओरडली, "कुकरात टाक आधी ते!"