घोडा अनावर ओढतो, कडियाळे कोणते निवडावे?

प्रश्न : शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड घोडा मी रपेटीसाठी घेतला आहे. दुडकीपर्यंत तो शहाण्यासारखा चालतो, पण मोकळ्या मैदानावर चौखूर सुटला की लगाम कितीही खेचला तरी आवरत नाही. सध्या त्याला साधे स्नॅफल आहे. क्लबातले जाणते लोक पेलहॅम किंवा गॅग लावायला सांगतात. मी नेमके कोणते कडियाळे घ्यावे?

उत्तर : साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा माणसाच्या दंडातल्या ताकदीने थांबत नसतो. लगामाची खूण त्याला समजते आणि ती मानायची सवय असते, म्हणून तो थांबतो. तुमच्या घोड्याला तालमीत उलटी सवय लागली आहे. जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर टेकून पळतो. त्यामुळे तुम्ही खेचता तेव्हा त्याला ‘आणखी पळ’ असेच ऐकू येते. नुसते कडक कडियाळे घातल्याने हा गैरसमज दूर होणार नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी घोड्याचे तोंड तपासून घ्या. पटाशीच्या दातांमागे आणि दाढांपुढे जबड्यावर एक मोकळी जागा असते, कडियाळे तिथे बसते. तिथे हाडावर पातळ हिरडीखेरीज काहीच नसते. दाढेची धार गालाला लागत असेल किंवा पहिल्या दाढेपुढचा छोटा ‘वुल्फ टूथ’ कडियाळ्याला घासत असेल, तर घोडा दुखण्यापासून पळत असतो. पशुवैद्यकाला दात दाखवा, खोगीर पाठीला बोचत नाही ना तेही पाहा. खुराकही तपासा. शर्यतीच्या घोड्याइतका दाणा आणि दिवसाकाठी तासभर काम, असे गणित असेल तर घोडा उसळणारच. दाणा कमी करा, चारा वाढवा आणि त्याला रोज मोकळे सोडा.

यानंतर मापाकडे वळा. कडियाळे तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजू मिळून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त असावे. जाड कडियाळे सौम्य असते, ही समजूत अर्धीच खरी आहे. थरोब्रेडचे तोंड नाजूक असते, जीभ आणि टाळूमध्ये फारशी जागा नसते. तिथे फार जाड कडियाळे कोंबले की जीभ चेपते आणि घोडा तोंड उघडून किंवा जीभ वर काढून सुटका शोधतो.

आता प्रकार. तुमचे स्नॅफल एका सांध्याचे असेल, तर आधी दोन सांध्यांचे, मध्ये गुळगुळीत तुकडा असलेले स्नॅफल लावून पाहा. ते जिभेवर सपाट बसते. त्याच्या कड्या सैल फिरणाऱ्या असाव्यात, कारण घट्ट बसवलेल्या कडीवर टेकणे घोड्याला सोपे जाते. बरेच घोडे एवढ्यानेही हलके होतात.

पेलहॅमचे काम तरफेचे असते. कडियाळ्याच्या वर 5 सेंटिमीटर आणि खाली 10 सेंटिमीटर दांडी असेल, तर खालच्या लगामाची ओढ हनुवटीखालच्या साखळीवर साधारण दुप्पट होऊन पोहोचते. जबडा साखळी आणि कडियाळे यांच्यामध्ये दाबला जातो, शिवाय कानांमागेही दाब येतो. मान वर काढून पळणाऱ्या घोड्याला याचा उपयोग होऊ शकतो. मात्र पेलहॅम दोन लगामांनीच वापरा. एरवी वरचा लगाम धरा आणि खालचा गरजेपुरताच. साखळी अशी लावा की दांडी सुमारे 45 अंश मागे आल्यावरच ती घट्ट होईल. गॅग नवशिक्या हातात मुळीच देऊ नये.

कडियाळे कोणतेही असो, सतत खेचू नका. ओढा, सोडा, पुन्हा ओढा. घोडा किंचित मंदावला की त्याच क्षणी लगाम सैल करा, कारण त्याचा धडा त्या सैल होण्यातच असतो. हे आधी कुंपणाच्या रिंगणात, कदमावर आणि दुडकीवर पक्के करा. मैदानावर सुटलाच, तर जागा असेल तिथे मोठ्या वर्तुळात वळवा आणि वर्तुळ हळूहळू लहान करा. वेगात एकदम वळवलेला घोडा घसरून पडतो.

माझे मत स्पष्ट आहे. पेलहॅम लावायचेच तर जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, काही काळापुरते लावा आणि पुन्हा स्नॅफलवर या.

प्रश्न : आमच्या भागात वरातीच्या घोड्यांना आतून काटे असलेले कडियाळे घालतात. ‘त्याशिवाय घोडा आवरत नाही,’ असे मालक म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही, आणि ते बेकायदा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याखालच्या 1965 च्या नियमांनी स्वारीच्या किंवा गाडीच्या जनावराला काटेरी कडियाळे वापरण्यास मनाई केली आहे. काट्यांनी जीभ आणि ओठांचे कोपरे फाटतात, जखम भरून तिथली कातडी निबर होते आणि घोडा आधीपेक्षाही कमी ऐकू लागतो. मग मालक आणखी तीक्ष्ण काटे शोधतो. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी घोडी ठरवतानाच तिचे तोंड पाहावे आणि साधे, गुळगुळीत कडियाळे असेल तरच बयाणा द्यावा. गिऱ्हाइकांनी ही अट धरली, तर मालक काटे काढतील.