स्वस्त जागेखालचा कचरा

कॅलिफोर्नियातल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून मला अधूनमधून एकाच धर्तीचा फोन येतो. "जागा मोक्याची आहे, हायवेला लागून. भावही आजूबाजूच्या मानाने बराच कमी. खाली जुनं लँडफिल आहे, पण ते कधीच बंद झालंय. शिवाय मालकाने राज्य सरकारशी स्वेच्छा सफाई करार केलाय. मग घ्यायला हरकत काय?"

बंद लँडफिलमधला वायू मोजणं हेच माझं पोटापाण्याचं काम. माझं उत्तर ठरलेलं असतं : हरकत नाही, पण सफाई झाली म्हणजे कचरा गेला, असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी तो तिथेच ठेवलेला असतो, वरून नीट झाकलेला. त्या झाकणाची राखण करण्याचं काम जमिनीबरोबर तुमच्या गळ्यात पडतं आणि ते तुमच्या हयातीत संपेलच असं नाही.

एका गोदामाचा अनुभव सांगतो. बांधकाम अगदी नियमाबरहुकूम झालं होतं. काँक्रीटच्या तळाखाली वायू अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा, त्याखाली फूटभर स्वच्छ खडी, खडीत भोकं पाडलेल्या नळ्या आणि त्या नळ्यांची तोंडं छपराच्या वर काढलेली. खडीत आणि इमारतीत मिथेन ओळखणारे सेन्सर. राज्याचं प्रमाणपत्र मिळालं. पहिली काही वर्षं माझ्या नोंदवहीत काळजी करावी असा एकही आकडा नव्हता.

मग भाडेकरू बदलला. पुढे आणखी एकदा बदलला. नव्या भाडेकरूला एका यंत्रासाठी जास्तीची वीज हवी होती. त्याच्या इलेक्ट्रिशियनने फरशी कापली, वायरसाठी नळी टाकली आणि वरून सिमेंट भरून टाकलं. काम सुबक होतं, पण पडदा फाटला होता. तिमाही फेरीत मी विजेच्या पॅनेलच्या कोंदट खोलीत मीटर धरला, तर मिथेन दोन टक्क्यांच्या वर. इमारतीच्या आत इथे मर्यादा आहे १.२५ टक्के. दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर आलो, अग्निशमन दलाला फोन केला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

नंतर अलार्मची पेटी पाहिली. तिची वायर काढून बाजूला गुंडाळून ठेवली होती. पेटीवर एक पिवळी चिठ्ठी : 'उगाच वाजतो. लावू नये.' तिथला मॅनेजर सरळ माणूस होता. ती पेटी कशासाठी आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. परवानगीशिवाय फरशी खणायची नाही, ही अट जमिनीच्या दस्तात स्पष्ट लिहिलेली होती, पण तो दस्त मालकाच्या फायलीत. फरशी कापणाऱ्यापर्यंत तो पोचलाच नाही. अशा जागांवर मी पाहिलेल्या बहुतेक गडबडींच्या मुळाशी हेच निघालं आहे.

वायूची चाल

हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यातून साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. मिथेनला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की ठिणगी पुरते. वर डांबर घातलं, की तो आडवा पसरतो. पाण्याच्या आणि वायरींच्या नळ्यांसाठी खणलेले चर तर त्याचे राजरस्तेच. म्हणून कॅलिफोर्नियात कचऱ्यापासून हजार फुटांच्या आत बांधायचं झालं, तरी वायूचा विचार करावा लागतो.

१९६९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम इथे शेजारच्या लँडफिलमधला वायू नॅशनल गार्डच्या इमारतीत शिरला. स्फोटात तिघं गेले. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात मार्च १९८६ मध्ये एक बंगला उडाला. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला होता आणि त्यामुळे जमिनीतला वायू वर ओढला गेला होता. त्यामुळे छान उन्हाच्या दिवशी घेतलेली एकच नोंद दाखवून 'वायू नाही' असं कुणी सांगितलं, तर मान डोलावू नका. दाब उतरत असताना घेतलेल्या नोंदी मागा.

सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी घरांना माउंटन व्ह्यूचं शोरलाइन अँफिथिएटर ठाऊक असतं. तेही लँडफिलवरच आहे. १९८६ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा हिरवळीवर बसलेल्या प्रेक्षकांच्या लायटरमुळे जमिनीतून येणाऱ्या मिथेनने पेट घेतला. मग हिरवळ उकरून खाली अस्तर आणि वायू ओढणारी यंत्रणा बसवावी लागली. मालाडच्या जुन्या डंपिंग ग्राउंडवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांमध्ये तर वायूमुळे संगणकांचे भाग गंजल्याच्या तक्रारी झाल्या. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार बंद कचराभूमीवर पंधरा वर्षं देखरेख केल्यावरच, आणि तीही वायू, झिरपणारं पाणी व जमिनीची स्थिरता तपासून, वस्तीचा विचार करता येत असे. ती पंधरा वर्षं उगाच घातलेली नव्हती.

करारात काय मिळतं

स्वेच्छा करारात मालक किंवा खरेदीदार आपणहून राज्याच्या खात्याकडे जातो. तपासणी, आराखडा, लोकांच्या हरकती, प्रत्यक्ष काम आणि शेवटी प्रमाणपत्र, अशा पायऱ्या असतात. खात्याच्या माणसांच्या वेळेचं बिल अर्जदारानेच भरायचं. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंना तीस दिवसांची लेखी सूचना देऊन करारातून बाहेर पडता येतं. म्हणजे विक्रेत्याने नुसती सही केली आहे, यावरून काम तडीस गेलं असं ठरत नाही. काम कुठल्या पायरीवर आहे, ते खात्याकडूनच विचारून घ्या.

प्रमाणपत्र मिळालं, तरी ते अटींवर उभं असतं. फरशी खणू नये, विहीर घेऊ नये, घरं-शाळा बांधू नयेत, अशा अटी दस्तात नोंदल्या जातात आणि आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तशा मालक बदलला तरी जमिनीला चिकटून राहतात.

अमेरिकेच्या १९८० च्या केंद्रीय कायद्यानुसार, प्रदूषण दुसऱ्याने केलेलं असलं तरी सध्याच्या मालकावर जबाबदारी येऊ शकते. २००२ च्या दुरुस्तीने प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिलं, पण त्यासाठी रीतसर चौकशी खरेदीच्या आधी वर्षभरात झालेली हवी आणि तिचे महत्त्वाचे भाग १८० दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत. खरेदीनंतरही काळजी घेत राहावी लागते. अलार्म बंद पडू देणारा मालक हे संरक्षणही घालवून बसू शकतो.

जागा बघायला जाल तेव्हा

जमिनीकडे बघा. कचरा दशकानुदशकं खचत राहतो आणि सगळीकडे सारखा खचत नाही. खोल खांबांवरची इमारत जागच्या जागी राहते, भोवतालची पार्किंगची जमीन खाली जाते. दाराशी नवी पायरी तयार झालेली दिसली, डांबरात तळी साचलेली दिसली, की भिंतीतून बाहेर पडणाऱ्या नळांचे सांधे तपासा. सांडपाण्याचा नळ तिथे तुटला, तर वायूला आत यायला वाट मिळते. सांधे लवचिक हवेत.

पाण्यावर नजर ठेवा. बागेला सोडलेलं पाणी झाकणातून खाली गेलं, की वायूही वाढतो आणि झिरपणारं काळं पाणीही. खोल मुळांची झाडं नकोत.

जमिनीचा काही भाग कचऱ्याबाहेर असेल, तर इमारत तिथे आणि पार्किंग कचऱ्यावर, ही मांडणी पुष्कळ त्रास वाचवते. वायूचा बंदोबस्त मात्र तरीही हवाच.

अटींचं एक पानी सोपं पत्रक करून भाडेकरारालाच जोडा. पॅनेलवर ठसठशीत पाटी लावा : 'फरशी कापण्याआधी या नंबरवर फोन करा.' दरवर्षीची मोजणी, पंप, सेन्सर आणि दुरुस्ती यांचा खर्च खरेदीच्या हिशेबात धरा आणि ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. हा खर्च धरल्यावर 'स्वस्त' जागा कधीकधी शेजारच्या प्लॉटपेक्षा महाग पडते.

एका मराठी मंडळाला सभागृहासाठी अशी जागा मिळत होती. घेऊ नका, असं मी सांगितलं. जमीन तशी वाईट नव्हती. पण मंडळाची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, किल्ल्या हातोहात फिरतात आणि जुन्या समितीचे कागद कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहतात. रात्री अलार्म वाजला तर कोण उठणार, याचं उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं. पगारी माणूस किंवा करारावर बांधलेली कंपनी असेल, तर हीच जागा चांगली वापरता येते.

म्हणून भावाची घासाघीस सुरू करण्याआधी विक्रेत्याकडे गेल्या तीन वर्षांच्या वायूच्या नोंदी मागा. काळजी घेतलेल्या जागेच्या नोंदी तासाभरात ईमेलने येतात. 'शोधून पाठवतो' असं उत्तर आलं आणि त्यावर आठवडा उलटला, तर दुसरी जागा बघायला लागा.