कालवांचा बांध

सदलग्याहून समुद्र दूर आहे. दूधगंगा आपले पाणी कृष्णेला देते आणि कृष्णा ते आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरात नेऊन घालते; आपला व समुद्राचा संबंध एवढाच, असे भूगोलाच्या तासाला आपल्या मुलांना वाटत असते. तथापि पाणी जमीन कशी खाते हे या गावच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे महापूर आपण पाहिले आहेत. पुराचे पाणी चढते तेव्हा घाबरवते, पण काठची माती पुष्कळदा पाणी उतरताना सुटते. भिजून जड झालेली दरड खालून पोखरलेली असते आणि ऊन पडल्यावर, सारे संपले असे वाटत असताना, अख्खी खाली बसते. नदीकाठी हे पुराच्या वर्षी घडते. समुद्राला मात्र अशी सुट्टी नाही. तेथे दिवसातून दोनदा भरती येते आणि पावसाळ्याचे चार महिने लाटा किनारा कुरतडीत असतात.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळात आपल्या देशाचा किनारा कसा बदलला हे उपग्रहांच्या चित्रांवरून तपासले. मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे आणि आपल्या कर्नाटकात त्याहून थोडेसेच कमी.

यावर उपाय म्हणून माणसाला पहिल्याने सुचते ती भिंत. दगड रचावेत, सिमेंटचे ठोकळे टाकावेत, म्हणजे लाट अडेल. ती अडते हे खरे. मुंबईच्या मरीन ड्राईव्हवर ते चार पायांचे अजस्र ठोकळे, ज्यांना टेट्रापॉड म्हणतात, ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगावयास नको. परंतु कठीण, उभ्या भिंतीवर आपटलेल्या लाटेचा जोर नाहीसा होत नाही. ती मागे फिरते व जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते. पाया उघडा पडला की दगड खचतात. शिवाय जेथे भिंत संपते तेथे पाण्याचा मारा वाढतो, म्हणजे एकाची वाडी वाचली आणि शेजारच्याची गेली. भिंत बांधल्या दिवसापासून झिजू लागते, आणि तिची डागडुजी करण्यास दर काही वर्षांनी पुन्हा पैसा लागतो. मोठे बंदर किंवा भर वस्तीचा रस्ता यांना भिंतीवाचून गत्यंतर नसते; पण प्रत्येक खाडीच्या काठाला असा खर्च करणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांचे लक्ष एका क्षुद्र वाटणाऱ्या प्राण्याकडे गेले आहे. तो म्हणजे कालव. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल, कारण घाटावरच्या स्वयंपाकघरात तो येत नाही. मोत्याचा शिंपला निराळा आणि हा निराळा. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ अर्धपारदर्शक शिंपले लावलेले दिसतात, तेही दुसऱ्याच जातीचे. कालव दिसावयास ओबडधोबड, कडा धारदार, आणि खडकाला असे चिकटलेले की लोखंडी हत्यारावाचून सुटू नये.

त्याचे चरित्र मुलांना सांगण्याजोगे आहे. मादी पाण्यात लक्षावधी अंडी सोडते. त्यांतून निघालेले डोळ्यांना न दिसणारे पिल्लू दोन ते तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहत असते. त्यातले बहुतेक माशांच्या पोटी जातात. जे उरते त्याला एक इवलासा पाय फुटतो, आणि त्या पायाने चाचपीत ते बसावयास जागा शोधू लागते. चिखलात बसले तर ते गुदमरून मरते. त्याला काहीतरी कठीण वस्तू पाहिजे. खडक चालतो, लाकडी खांबही चालतो, परंतु त्याला सर्वांत पसंत पडते ते आपल्याच जातीच्या कालवाचे कवच, मग ते जिवंत असो वा मेलेले. एकदा जागा ठरली की ते आपल्या अंगातून एक प्रकारचे सिमेंट सोडून एक शिंपला तेथे कायमचा चिकटवून टाकते. त्यानंतर आयुष्यभर ते हलत नाही. पुढच्या हंगामात त्याच्या पाठीवर दुसरी पिढी बसते, तिच्यावर तिसरी. आजोबा मेले तरी त्यांचे कवच नातवाच्या पायाखाली राहतेच. अशी रास वाढत वाढत तिचा बांध होतो.

हा बांध तीन कामे करतो. त्याचा पृष्ठभाग खडबडीत व फटींनी भरलेला असल्याने लाट त्यावरून जाताना फुटते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. मागे पाणी संथ झाले की त्यातला गाळ खाली बसतो व जमीन उंचावते. मग त्या गाळात खारे गवत आणि कांदळवन मूळ धरू शकते. दुसरे असे की कालव पाणी आत ओढून त्यातले बारीक अन्नकण गाळून घेते आणि पाणी बाहेर सोडते. अमेरिकेतील जातीचे एक मोठे कालव अगदी अनुकूल स्थितीत दिवसाला दीडशे लिटरांहून अधिक पाणी गाळू शकते असे मोजले गेले आहे. तिसरे, त्या फटींत मासे, खेकडे व कोळंबीची पिल्ले आसरा घेतात. आम्हांला यात विशेष वाटते ते हे की समुद्राची पातळी चढत असताना, अन्न व पाणी नीट असेल तर, हा बांध आपणहून वर चढू शकतो.

आता हे सारे पुस्तकी आहे की कोठे घडले आहे, असे कोणी विचारील. घडले आहे, आणि तेही आपल्यासारख्याच पावसाळी देशात. बांगलादेशच्या किनाऱ्याजवळ कुतुबदिया नावाचे बेट आहे. १९९१ च्या एप्रिलमधील चक्रीवादळात या बेटावर भयंकर प्राणहानी झाली आणि तेव्हापासूनही समुद्र ते बेट खातच आहे. तेथे संशोधकांनी विहिरीला वापरतात तशा सिमेंटच्या कड्या चिखलाच्या पट्टीवर ओळीने मांडल्या. प्रत्येकी वीस मीटर लांबीचे असे तीन बांध केले. कालवे कोणी आणून लावली नाहीत. ती पाण्यातून आपणहून आली व कड्यांवर बसली. २०१९ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बांधावर अर्ध्या मीटरहून कमी पाणी असताना लाटा पूर्णपणे अडल्या. अर्धा ते एक मीटर पाण्यात त्यांचा जोर कमी झाला. बांधामागे २९ सेंटिमीटर गाळ साचला, जेथे बांध नव्हता त्या जागेच्या मानाने झीज ५४ टक्क्यांनी घटली, आणि खाऱ्या गवताची पट्टी समुद्राच्या दिशेने पुढे सरकली.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. पाणी त्याहून खोल झाले की लाट बांधावरून सहज निघून जाते. वादळाच्या वेळी चढणारे पाणी कालवांचा बांध रोखणार नाही. रोजची झीज मात्र तो कमी करतो.

न्यूयॉर्कची गोष्ट याच्या उलट बाजूने सुरू होते. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील बंदराच्या परिसरात सुमारे २ लाख २० हजार एकर कालवांचे थर होते असा अंदाज आहे. लोकांनी ती खाल्ली, त्यांचे शिंपले जाळून चुना केला, रस्त्यात घातले, आणि उरलेल्यांवर शहराचे सांडपाणी सोडले. १९२७ साली शेवटचे थरही खाण्यास अयोग्य ठरून बंद झाले. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी नावाचे वादळ शहरात घुसले तेव्हा पुष्कळांना त्या गेलेल्या बांधांची आठवण झाली. २०१४ पासून तेथे 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट' या नावाने बंदरात पुन्हा शंभर कोटी कालवे वसविण्याचे काम चालू आहे. आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांला त्यातली एक गोष्ट फार आवडते: या कामाचा उगम बंदरातल्याच एका माध्यमिक शाळेत झाला आणि विद्यार्थी पाण्यात उतरून ते करतात. उपाहारगृहांतून फेकून दिले जाणारे शिंपले गोळा करतात, वर्षभर उन्हापावसात ठेवून स्वच्छ होऊ देतात, मग त्यांवर पिल्ले बसवून ते बंदरात सोडतात. शहराच्या दक्षिणेकडील स्टेटन बेटासमोर सुमारे २,४०० फूट लांबीचे दगडी बांध २०२४ साली पुरे झाले, तेही कालवे वस्ती करतील अशा फटी व खाचा ठेवूनच बांधलेले आहेत.

आपल्या बाजूचे काय? रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या खाड्यांत, गोव्यात, तसेच आपल्याच राज्यात कारवारकडे आणि कुमट्याजवळच्या अघनाशिनी खाडीत कालवे पूर्वापार आहेत. ओहोटी लागली की बायका खडकावर जाऊन ती फोडून आणतात. हाताला कापल्याच्या खुणा नाहीत अशी कालवे काढणारी बाई विरळाच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरीनला १९७० नंतर कालवांच्या शेतीचे तंत्र बसविले. त्यात जुन्या शिंपल्यांच्या माळा पाण्यात सोडून त्यांवर पिल्ले धरतात. अलीकडे सिंधुदुर्गातही संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने महिला बचत गटांनी तराफे बांधून कालवे व शिणाणे यांची शेती करून पाहिली. ही शेती पोटासाठी होती, किनारा राखण्यासाठी नव्हती. परंतु पिल्लू कोठे बसते, कोणत्या महिन्यात बसते, हे त्या बायकांना आता हातच्या रेषांसारखे ठाऊक आहे, आणि बांधाच्या कामाला लागणारे निम्मे ज्ञान तेच होय.

आमच्या मते हा प्रयोग पहिल्याने खारजमिनीच्या बांधांपुढे करून पाहावा. कोकणात खाडीकाठी मातीचे बांध घालून आत भाताची शेते राखतात. गोव्यात त्यांना खाजन म्हणतात, कुमट्याकडे तशीच गजनी जमीन आहे. तेथील बांध एकदा फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढे काही हंगाम पीक हाती लागत नाही. घर चालते ते त्याच दोन-चार गुंठ्यांवर. अशा बांधापुढे, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या पट्टीवर, कालवांची एक ओळ उभी राहिली तर मातीला रोज बसणारा मार कमी होईल. उघड्या समुद्रावर, जेथे आषाढातल्या लाटा काळ्या कातळाला भेगा पाडतात, तेथे हे चालणार नाही.  खाडीच्या फार आतही नको, कारण पावसाळ्यात गोडे पाणी इतके उतरते की कालव शिंपले मिटून काही दिवस काढते, पण गोडेपणा फार दिवस टिकला तर मरते. आणि जेथे गावाचे सांडपाणी मिळते तेथे बांध झाला तरी ती कालवे खाता कामा नयेत. पाणी गाळणारा प्राणी रोगजंतूही गाळून पोटात ठेवतो. बांधावरचे कालव कोणी काढावयाचे नाही असे ठरविले तर त्या बायकांची चूल कशी पेटणार, हेही आधी ठरले पाहिजे. त्यांना वगळून केलेला बांध एका ओहोटीत फोडला जाईल, व त्याचा दोष आम्ही तरी त्यांना देणार नाही.

एक अडचण चुन्याची. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात चुन्याची ओळख करून द्यावी लागत नाही. किनारपट्टीवर हा चुना शिंपले भट्टीत जाळून करण्याची जुनी रीत आहे. कालव पाण्यातला कॅल्शियम घेऊन जे कवच वर्षानुवर्षे बांधते ते भट्टीत काही तासांत भुकटी होते. न्यूयॉर्कला शिंपले परत पाण्यात टाकावे लागले ते यासाठीच, की पुढच्या पिढीला बसावयास जागा उरली नव्हती. समुद्र हळूहळू अधिक आम्ल होत आहे हेही याच कवचावर येते. मुलांना हे घरी दाखविता येईल: कोणताही शिंपला लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये टाकावा, त्यावर बुडबुडे येतात, ते कवच विरघळण्याची खूण आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून समुद्राचे पाणी किंचित त्या दिशेने जाते, आणि कोवळ्या पिल्लाला कवच घडविणे जड होते.

सुटीत कोणी कुटुंबासह मालवणला किंवा कारवारला गेले तर ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन जेट्टीच्या खांबांपाशी उभे राहावे. खांबावर एका ठरावीक उंचीपर्यंत कालवांचा करडा-पांढरा पट्टा दिसेल आणि त्यावर खांब कोरा असेल. पट्टा जेथे संपतो त्याच्या वर कालवाला दिवसाकाठी पुरेसे पाणी मिळत नाही. बांध घालावयाचा झाल्यास त्याचा माथा किती उंच ठेवावा, हे इंजिनियराला त्या पट्ट्यावरूनच मोजावे लागेल.