नागमोडी रेघ : दूरच्या सहकाऱ्यांविषयी थोडेसे

दूर राहून एकत्र काम करणाऱ्या मंडळींचे आपसांत जमावे कसे, हा प्रश्न आज घरोघरी संगणक आल्यामुळे वारंवार विचारला जातो. ‘एकमेकांशी सतत बोलत राहा’, असे त्याचे ठरीव उत्तर असते. मला ते अपुरे वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कार्यपद्धती पाहिली, म्हणजे याहून पक्के उत्तर मिळते. आदिपर्वाला डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९३३ साली जोडलेली प्रस्तावना त्या दृष्टीने जरूर वाचावी.

या कार्याचा आरंभ १९१९ सालचा. पोथ्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. पुण्यात बसून सर्व वाचणे अशक्य, म्हणून शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठतुलनेची केंद्रे निघाली. (तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय भोसले राजांनी वाढविलेले; तेव्हा पुणेकरांना ते अगदीच परके नव्हते!)

या सर्वांना बांधणारा दुवा म्हणजे चौकटी आखलेला एक कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ एकेक अक्षर सुटे करून लिहिलेला असे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि जेथे अक्षर निराळे असेल त्याच चौकटीत ते नोंदवायचे. पोथीत जादा श्लोक आढळले, तर त्यांसाठी उजवीकडे जागा राखलेली. मजकूर फारच लांब असला तर ‘शोधपत्र’ म्हणून वेगळा कागद जोडायचा. कोणता पाठ बरा, हे तंजावरच्या शास्त्र्याने ठरवायचे नव्हते. दिसेल ते लिहायचे. निवड संपादकाची. मात्र संपादकाने नाकारलेला पाठही पोथीच्या खुणेसह तळटीपेत छापला जाई. माझ्या मते सारे मर्म येथेच आहे. ज्याचे काम पानावर दिसते, त्याला दुरून विश्वास ठेवणे जड जात नाही. आम्ही विद्यार्थी गटाने प्रकल्प लिहितो, तेव्हा कोणी काय लिहिले याचा शेवटी मागमूसही राहत नाही, आणि मग कुरबुरी सुरू होतात.

दुसरी गोष्ट नागमोडी रेघेची. जो पाठ निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली सुकथनकरांनी अशी रेघ छापली. प्रमुखानेच आपली शंका उघड केल्यावर दूरच्या माणसाला मतभेद कळविण्याचा संकोच कशाला वाटेल? त्याआधीही, १९२३ साली, उटगीकरांनी संपादिलेल्या विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी काढलेली होतीच. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू पं. हेमराज यांच्याकडून एका फार जुन्या पोथीतील पाठ आले. आपले काम संपले म्हणून सुकथनकरांनी ते बाजूस सारले नाहीत. त्यांवर स्वतंत्र लेख लिहिला.

ही पद्धत संथ होती, खर्चिक होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचा कस लागला तो पुढे. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन अमेरिकेतील येल विद्यापीठात होते. महायुद्ध चालू असतानाच जानेवारी १९४३ मध्ये सुकथनकर वारले. तरीही १९४४ साली सभापर्व प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर डॉ. प. ल. वैद्य प्रमुख संपादक झाले, आणि १९६६ साली आवृत्ती पुरी झाली. संपादक बदलले, पण नागमोडी रेघेचा अर्थ मात्र बदलला नाही.